दोन काडेपेट्यांचं अंतर

माझ्या ताडमाड बाबांस,

आज दसरा. सकाळी सायकल धुतली, हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. मग जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घासच उतरेना, म्हणून लिहायला बसले. आई म्हणते, "गेलेल्या माणसाले कोणी पत्र लिहिते का वं?" मी म्हटलं, मी लिहिते! माझा बाप आहे, काहीही करीन.

आठवतो ना आपला दसऱ्याचा खेळ? पूजा झाली की तुम्ही मला उचलून सीटवर बसवायचे, सायकल सरळ धरायचे आणि ओरडायचे, "पाय खाली सोड!" पाय कुठले टेकतात! मग माझ्या अंगठ्याखाली एकेक वस्तू सरकवून पाहायची. आधी उलटं घमेलं, मग वीट, मग फरशीचा तुकडा. दर वर्षी अंतर कमी व्हायचं. "पाय टेकले का त्याच दिवशी तुले सायकल शिकोतो," हा तुमचा शब्द.

आणि मी मेली दोन काडेपेट्यांवर येऊन अडले! एकीवर एक ठेवली की नेमका अंगठा टेकायचा. पुढचे कितीतरी दसरे तेच. तुम्ही पोट धरून हसायचे. "कुसे, तू आता वाढून नाही राह्यली. तुही जीभच वाढून राह्यली!"

सीट इंचभर खाली घेतली असती तर काय बिघडलं असतं हो? विचारलं की म्हणायचे, नळी गंजून बसली, हलत नाही. मला तो निव्वळ बहाणा वाटायचा. स्वतःचे पाय लांब, म्हणून सीट उंच हवी आणि लेकीला ठेंगा!

तुम्ही गेले आणि तुमची सायकल न्हाणीच्या भिंतीला टेकून राहिली. तुमच्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या साहेबानं बदलीवर जाताना दिलेली, बारीक चाकांची, हलकी. तुम्ही शिवलेल्या बंड्या-परकरांचं गाठोडं मागे बांधून धाड गावच्या बाजाराला निघाले की पोरं ओरडायची, शिंप्याचं विमान चाललं! आता मशीन मी चालवते. तुमच्याइतकी सफाई नाही, पण बंड्या बऱ्या उतरतात. पण त्या बाजारात नेणार कोण? एसटी पोचते तोवर बाजार अर्धा उठलेला. गाठोडं तसंच घरी परत आलं की आई नुसती बंड्यांच्या घड्या घालत बसते. मला ते बघवेना. म्हटलं, विमान काढायचं.

पण टायर कुजलेले, रिमा गंजून पापड झालेल्या. चाकं नवी टाकायची म्हटलं तर आई बिथरली. "चाकं बदलली तं त्यायची सायकल राहीन का थे? राहू दे भिंतीपाशी!" रडलीसुद्धा. मी म्हटलं, "आई, बाबांनी सीटचं कातडं बदललं, चेन बदलली, घंटी बदलली. तेव्हा ती साहेबाची राहिली होती का?" थोड्या वेळानं तिनंच फडकं घेतलं आणि सायकलीवरची धूळ पुसली.

एसटीच्या टपावर टाकून सायकल धाडला नेली, तुमच्या सलीमचाचांकडे. तुम्ही दर बाजाराला ज्यांच्या दुकानात चहा ढोसायचे तेच. त्यांनी चाकं पाहिली आणि मान हलवली. "बेटा, हे माप आता कुठी भेटत नाही." आपलं नेहमीचं अठ्ठावीस इंची चाक लावून पाहिलं, तर टायर जाड, चाक धरणाऱ्या दांड्यांच्या चिमट्यात शिरेना. शेवटी सव्वीसची नवी जोडी काढली. काय चकाकत होती बाबा! ती बसली, पण ब्रेक दाबला तर रबर रिमेपर्यंत पोचेचना. चाचांनी लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करून आणल्या आणि ब्रेक खाली उतरवले. सीटच्या नळीतही तेल सोडलं, ठोकून पाहिलं. हलली नाही! म्हणजे तुम्ही खरं बोलत होते तर. बरं, तो आरोप मागे घेतला.

मग चाचा तोंड पाडून माझ्यापुढे आले. "माफ कर बेटा. चाकं लहान हायेत. सायकल इंचभर ठेंगणी झाली. तुह्या बापाची शान कमी झाली."

"काय झाली? पुन्हा सांगा!"

मी चिडले असं वाटून ते म्हणाले, "नागपूरहून मोठी मागवून पाहू का?"

"नका हो चाचा! पाया पडते, काही मागवू नका!"

घरी आणली, पण बसून पाहिलं नाही. मनाला आवरलं. म्हटलं, दसऱ्यालाच बसायचं, आपल्या रीतीनं.

आज पूजा झाली. मी तुमच्या कात्रीनं स्वतःसाठी बेतलेली सलवार घातली. (गावात दिवसभर तोच विषय आहे, असू द्या.) आईनं स्वतः हँडल धरलं. जिनं या सायकलीला धूळ पुसण्यापलीकडे कधी हात लावला नाही, ती! मी सीटवर चढले आणि ती हुबेहूब तुमच्यासारखी गरजली, "पाय खाली सोड!"

सोडले. आईनं एका हातानं हँडल धरून खाली वाकून काडेपेटी अंगठ्याखाली घालून पाहिली. शिरेना. आडवी घातली, तिरपी घातली. "जात नाही वं कुसे! जातच नाही!" ती काडेपेटी मुठीत धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. माझे अंगठे मातीत रुतले होते, बाबा! मी काही वाढले नाही हो. तुमचं विमानच माझ्यासाठी खाली आलं.

मग आईनं लुगडं खोचलं, मागून कॅरिअर धरलं आणि बोळातून माझ्यामागे धावली. "पुढं पाह्य! पुढं पाह्य!" मी म्हटलं, सोडू नको. ती म्हणाली, नाही सोडत. पण आवाज फार लांबून आला! मागे वळून पाहिलं आणि गेले सरळ शेजारच्या गोवऱ्यांच्या ढिगात. ब्रेक उत्तम आहेत, दाबायचंच सुचलं नाही. बोळातली पोरं नाचत होती, "शिंप्याची पोरगी विमान उडवून राह्यली!"

जुनी चाकं आईनं टाकू दिली नाहीत. एकावर सुतळी विणून मिरच्या वाळत घातल्या आहेत. दुसऱ्याचं काय करायचं ते ती सांगत नाही.

आता वचन देते. हात बसेपर्यंत रोज पडेन, रोज उठेन. दिवाळीच्या बाजाराला गाठोडं मागे बांधून धाडला मी जाईन. चाचांकडे तुमच्या जागेवर बसून चहा घेईन. मी धुळीत पडले तरी गाठोडं पडू देणार नाही.

पण तुमचाही एक शब्द बाकी आहे, विसरू नका. आईनं बोळापुरतं शिकवलं, धाडच्या रस्त्याचा चढ अजून राहिला आहे. पाय टेकले जी बाबा. चढावर मागून जरा हात लावजा मले.

तुमची, बुटकीच राहिलेली,
कुसी