सात जानेवारीचा ऊस

श्रीगोंदा, जानेवारी १९९७

चि. महेंद्रास,
ताईचा सप्रेम जयभीम. पुण्याची थंडी सोसतेय ना? स्वेटर घालतोस की नुसता खुंटीला लावतोस? आईचे गुडघे कुरकुरतात, पण गावभर फिरण्यापुरते शाबूत आहेत.

तू कारखान्याच्या डेटाबेसच्या पोटात ती प्रोसिजर लिहून ठेवलीस, तिच्याबद्दल लिहायचं आहे. मी स्क्रीनवर उसाच्या लागणीची तारीख भरायची, ती तिच्याकडे जाणार, आणि ती जुन्या उसाचा नंबर आधी लावून तोडचिठ्ठ्या काढणार. वशिला बंद, म्हणून मला केवढा आनंद! (तू प्रात्यक्षिक दाखवलंस तेव्हा १२/१२ अशी तारीख भरली होतीस. कॉम्प्युटरला हारही तेव्हाच घालून झाला.)

मी आपल्या पद्धतीने आधी दिवस लिहिते, मग महिना. तुझी प्रोसिजर अमेरिकेसारखा आधी महिना वाचते. छबूबाईंनी गेल्या वर्षी सात जानेवारीला ऊस लावला. प्रोसिजरने तो एक जुलैचा धरला आणि बाईंना रांगेच्या शेपटाला टाकलं. आप्पासाहेबांचा ऊस एक जुलैचा. तो सात जानेवारीचा समजून कोयते घेतलेली अख्खी टोळी त्यांच्या कोवळ्या उसाच्या बांधावर हजर! (बारापुढची तारीख आली की मात्र ती निमूट सरळ वाचते, कारण तेरावा महिना तिलाही सापडत नाही. म्हणून तर चूक लवकर कळेना.)

आप्पासाहेब तडक कॉम्प्युटर रूममध्ये. "भारतीबाई, बाळसं धरायच्या आत नेता का माझा ऊस?" त्यांच्यामागे छबूबाई. त्यांच्या उसाला तुरे आलेत, रोज वजन घटतंय. "बाई, तुमचं मशीन बी वळखीपाळखीचंच निघालं. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला निदान च्या तरी पाजता यायचा. ह्याला काय पाजू?"

मी हसले, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मशीनचा राग येत नाही रे. दिलेलं मुकाट्याने घेतं, उलट विचारत नाही. मीही अशीच वाढले, म्हणून असेल. पण सोमवारी संचालकांची बैठक आहे. तोवर दुरुस्ती झाली नाही तर पुन्हा जुनी पद्धत, म्हणजे ज्याचा पाहुणा कारखान्यात, त्याची तोड आधी. मग छबूबाईंचा ऊस उभा वाळणार.

काळजी घे.
तुझी,
भारतीताई

ता. क. रविवारीच ये. आणि हे बघ, तू माझा भाऊ आहेस हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, उगाच वशिल्याने काम दिलं म्हणतील. फाटकाशी मला 'मॅडम' म्हण. आमच्या ऑफिसच्या साहेबांपुढे मी तुला रागावेन, ते मनावर घेऊ नकोस.

पुन्हा ता. क. सगळं मुसळ केरात! आई आत्ताच छबूबाईंकडून आली. सांगून आलीय, "माजा ल्योक यितोय. तुजा नंबर पयला लावाया सांगते." त्या म्हणाल्या, "त्यो तुमचा ल्योक हाय व्हय? मंग तुटला म्हना की आमचा ऊस!" आता तारीख सरळ वाचली की त्यांचा नंबर खरोखरच पहिला येणार आहे. तो हक्काने आला, हे मी कुणाला आणि कोणत्या तोंडाने पटवू, तेवढं येताना शोधून आण.