ढमीचा आवाज

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र घेऊन ढमीच तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला आत घे आणि कडी लाव.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं होतं. आपली ढमी, पंधरा वर्षांची पोर, गल्लीतल्या दोघांसाठी फोन करत होती. कधी बँकेतली बाई व्हायची, कधी कुणाची परगावची नात. म्हातारी माणसं विश्वासाने सगळे नंबर सांगायची आणि त्यांची खाती रिकामी व्हायची. लहान म्हणून पोलिसांनी तिला समज देऊन सोडलं. एक जण पकडला गेला, दुसरा मोकळा आहे आणि रोज समोरच्या दुकानाशी उभा असतो.

ती खोटं बोलते, आमच्या नकला करते, विचारलं तर गप्प बसते. हे बाप असून तिच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, महिनाभरात सुधारली नाही तर सरळ सुधारगृहात. तिच्या हाती फोन देऊ नकोस, आणि तूही मला करू नकोस. मला आता कुठल्याच आवाजाची खात्री वाटत नाही. तुझं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर तेवढं ओळखू येतं.

लोभ आहेच, या दिवसांत तो जरा जास्तच लागणार आहे.

तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढमी पोचली. अक्षरावरून टोमणाही पोचला.

ती दाराकडे तोंड करून जेवते. जिन्यात पाऊल वाजलं की घास हातातच राहतो. तिला घरी एकटं ठेवायला जीव धजेना, म्हणून विचारलं, माझ्या दवाखान्यात येतेस का, नको असेल तर शेजारच्या काकूंकडे बस. तिने चपला घातल्या.

माझ्याकडे येणारे लोक तुला ठाऊक आहेत. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेलेले, पुन्हा बोलायला शिकणारे. एक बसड्रायव्हर आजोबा आहेत. ते काहीतरी मागत होते, सोबत आलेल्या आजी चहा का म्हणून विचारत होत्या आणि ते टेबलावर हात आपटत होते. कोपऱ्यातून ढमी म्हणाली की ते चहा म्हणत नाहीयेत, चष्मा म्हणताहेत, ‘च’नंतर त्यांचा श्वास घासला. आजोबांचा हात थांबला. इतकी वर्षं हे काम करतेय, पण मला तो श्वास ऐकू आला नव्हता.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, ताई. फक्त तिला काय येतं, हे त्यात कुठेच नव्हतं. मी तिथूनच सुरुवात करायची म्हणते. आजोबा मात्र तिच्याकडे बघून विश्वासाने हसले. फोनवरचे म्हातारेही असेच हसले असतील.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून एवढं धाडस करते.

तुझी,
धाकटी

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ज्या म्हाताऱ्यांना तिने लुबाडलं, तसल्यांमध्येच तिला नेऊन बसवलंस?

आणि ऐक. तो मोकळा असलेला दुसरा घरी येऊन गेला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. हे दिवसभर कामावर असतात, ह्यांनी ओळखलं नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, तुमच्या मुलीत गुण आहेत, ते मी ओळखले, वाया घालवू नका. मी स्वयंपाकघरात ओटा धरून उभी होते. तो गेल्यावर कळलं की शेजारच्या पोराने त्याला आधीच सांगितलंय, ढमी मावशीकडे गेली, मावशी लोकांना बोलायला शिकवते. आता तुला शोधून काढायला कितीसा वेळ लागणार?

गुण आहेत, असं तूही लिहितेस आणि तोही म्हणतो. मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय, ते मला सांग. मागे पोलीस ठाण्यात ज्या इन्स्पेक्टर बाई भेटल्या, त्यांचा नंबर खाली दिलाय.

रागावले तरी तुझीच आहे.

ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: ढमी सुखरूप आहे.

तुझा प्रश्न मी ढमीलाच विचारला. ती म्हणाली, मागच्या सोमवारी मी येत नाही म्हटलं, तर तू नुसतं बरं म्हणालीस. त्याला एकदा नाही म्हटलं होतं, तेव्हा त्याने आईच्या येण्याजाण्याच्या वेळा म्हणून दाखवल्या. हे तिने तुला कधीच सांगितलं नव्हतं, हो ना?

काल तो आला. घसा बसलाय म्हणून खोट्या नावाने बाहेर बाकावर बसला. ढमी पडद्यामागे होती. तो नुसता खाकरला आणि तिने ओळखलं. माझ्याजवळ येऊन तिने फक्त ओठ हलवले. मी म्हटलं, मागच्या जिन्याने पळ. ती म्हणाली, मग तो आईकडे जाईल. तिला आजी-आजोबांबरोबर आतल्या खोलीत बंद केलं, इन्स्पेक्टर बाईंना फोन केला, इथल्या ठाण्याला कळवा म्हटलं आणि बाहेर येऊन त्याला घशाचे व्यायाम सांगत बसले. तो हसत होता, माझ्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत होता. मी काय बोलत होते, देव जाणे. इथले पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हाही तो हसतच होता.

संध्याकाळी बाई स्वतः आल्या आणि ढमीने जबाब द्यायचा ठरवला. कुणी बळजबरी केली नाही. त्याने काय शिकवलं, कशी धमकी दिली, ते तिने त्याच्याच आवाजात सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. तो कोठडीत आहे हे माहीत असून मी मागे वळून दाराकडे बघितलं. मग ती रडली, ताई, अगदी लहान होती तशी.

त्याला जामीन मिळू शकतो, तेव्हा सावध राहा. पण बाई म्हणाल्या, असा जबाब त्यांना आजवर मिळाला नव्हता.

आशीर्वादाची गरज आता तिघींनाही आहे.

तुझी,
धाकटी

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ह्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गच्चीवर गेले. सुधारगृहाचं नाव त्यानंतर काढलेलं नाही.

एक विचारायचंय. परवा तुझा फोन आला, म्हणालीस, ताई, ढमी बरी आहे, नीट जेवते, तू झोपत जा गं. मला बरं वाटलं. ठेवल्यावर मात्र आठवलं. फोन करायचा नाही असं ठरलं होतं ना? ती तूच होतीस ना? लगेच लिही.

वाट बघते.

ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती मी नव्हते.

तुझं पत्र ढमीपुढे ठेवलं. तिने मान खाली घातली. मला वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग हळूच म्हणाली, माझ्या आवाजात बरी आहे म्हटलं असतं, तर आईला खरं वाटलं नसतं.

मी रागावले नाही. रागावता आलंच नाही.

रविवारी सकाळी ती पुन्हा फोन करणार आहे, मला विचारून, माझ्यासमोर, तिच्या स्वतःच्या आवाजात. भाऊजींनाही जवळ बसव. तिला फार भीती वाटतेय. त्याला बाकावर बघून वाटली त्याहून जास्त, असं म्हणते. आवाज कापरा येईल. कदाचित बराच वेळ नुसता श्वासच ऐकू येईल. तो तिचाच असेल. फोन ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी