रांजणातली सनई

डोंबिवली,
आश्विन वद्य एकादशी

प्रिय हेमा,

‘वन्सं’ म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणून नुसतं हेमा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू परकर सावरत माझ्या मागं मागं फिरायचीस. तेव्हापासून तू मला नणंद अशी कधी वाटलीच नाहीस, आणि आज जे लिहायला बसलेय ते नणंदेला लिहिण्यासारखं नाहीच. हे ऑफिसला गेलेत. ठमाबाई भांडी घासून गेली. पुढचं दार लोटून घेतलंय, आणि तरीसुद्धा मान वर करून दोनदा बघितलं.

तेरावं आटोपून निघताना तू दादाचा हात धरून म्हणालीस, अण्णांचं गाण्याचं यंत्र मला दे, बाकी या घरातलं मला काही नको. ह्यांनी लगेच मान हलवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात तुझा लाडवांचा डबा. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की हे फडकं घेऊन त्याच्यासमोर बसतात. काचेचे ते दिवे एकेक काढून पुसतात, पुन्हा बसवतात. रविवारी सकाळी ठाण्याला घेऊन यायचं पक्कं केलंय, रांजणासकट! रांजण गोणपाटात बांधूनसुद्धा झाला. ते यंत्र तुझ्याकडे येऊ नये असं मला वाटतं, हेमा. वहिनीच्या हातून वस्तू सुटत नाही असं तुझ्या मनात येईल. येऊ दे बापडं. आधी सगळं वाच.

तू तेव्हा सासरी होतीस, म्हणून तुला त्या यंत्राची जन्मकथा अर्धीच ठाऊक. अण्णांच्या कानांनी दगा दिला तो शाळेतून निवृत्त झाल्यावर. ग्रामोफोनच्या कर्ण्याला अगदी कान लावून बसायचे, तरी सनई म्हणजे माशी गुणगुणल्यासारखी वाटते म्हणायचे. एकदा पूजा करता करता हसून म्हणाले, त्र्यंबक, देवाला ऐकू जातंय तोवर ठीक आहे. झालं! ते वाक्य तुझ्या दादाच्या काळजात रुतलं. रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर नकाशे काढणारा माणूस, तो संध्याकाळी घरात ग्रामोफोनचा आवाज मोठा करणाऱ्या विजेच्या यंत्राची आकृती काढून बसू लागला. शहाडच्या एका भंगारवाल्याकडे लढाईच्या छावणीतलं सामान यायचं. तिथून रेडिओत असतात तसले काचेचे दिवे आणले, वायरींची भेंडोळी आणली, विमानात बसवायची म्हणे अशी एक पत्र्याची पेटी आणली. माझी अर्धी पडवी त्या कचऱ्यानं भरली. मी कुरकुर केली की म्हणायचे, तू फक्त बघत राहा. मी बघत राहिले. कथलाचा धूर, हातावर डाग, रविवारची झोप नाही.

मोठा स्पीकर कुठल्याशा मोडीत निघालेल्या तंबूच्या सिनेमाचा. त्याला लाकडी खोकं करून पाहिलं, पण खोकं थरथरायचं, आणि खर्जातला सूर फाटायचा. मग ह्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, कल्याणच्या कुंभारवाड्यातून एक थोरला रांजण उचलून आणला आणि त्याच्या तोंडावर तो स्पीकर बसवला. मी तर हात टेकले. पण खरं सांगते, पहिल्यांदा सनई लावली तेव्हा घर भरून गेलं गं. शेजारची शीला पदर खोचून धावत आली, लग्न कुणाचं म्हणून! अण्णा पाटावर बसले होते. त्यांनी तळवा रांजणाच्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. कानांना जे कमी पडत होतं ते हातानं घेत होते. तुझा दादा तेव्हा मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला, बराच वेळ. तेवढं सुख मी या घरात दुसरं पाहिलं नाही.

मग रोजचा पाठ झाला. अण्णा आंघोळ करून, ओल्या पंच्यानं देवापुढं यायचे, आधी ग्रामोफोनला चावी द्यायचे, मग यंत्राचा प्लग भिंतीत घालायचे, आणि सनईवर पूजा. भिंतीतली ती दोन भोकं आपल्याकडे देवघराच्या कोनाड्याशेजारीच आहेत, म्हणून यंत्रही तिथंच, देवांच्या पंगतीला.

नंतर एक दिवस ठमाबाई लादी पुसता पुसता किंचाळली. फडकं टाकून दारात जाऊन बसली. म्हणे, “वयनी, तो डबा माना चावला.” मी हसले. पुढं माझंही ओलं बोट त्या पेटीला लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या गेल्या. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे अजिबात दचकले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. प्लग उलटा गेलाय, एवढंच म्हणाले. मग पाटीवर काढून समजावून सांगितलं. भिंतीतल्या दोन भोकांपैकी एकातच वीज जिवंत असते. विकतच्या चांगल्या यंत्रात मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर असतो, तो विजेला पेटीपासून लांब ठेवतो. पण त्यानं सनईत घरघर येते, अण्णांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ह्यांनी तो घातलाच नव्हता. प्लग सुलटा असला तर पेटीला लहान मूलसुद्धा हात लावेल. उलटा असला तर ती सगळी पेटी म्हणजे जिवंत वायर. आणि गाणं दोन्ही बाजूंनी सारखंच वाजतं, हेमा. अगदी तसंच गोड.

मी म्हटलं, मग घाला ना तो ट्रान्सफॉर्मर, येईना का घरघर. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. तोवर प्लगच्या एका बाजूला तांबड्या रंगाचा ठिपका दिला. ठिपका वर, म्हणजे भीती नाही. अण्णांना मोतीबिंदूमुळं बारीकसं दिसत नव्हतं, पण तांबडं दिसायचं. पुढं तो रंग उडाला तेव्हा अण्णांनी स्वतःच तिथं तेलात कालवलेलं कुंकू लावलं. एवढ्याशा कुंकवावर घरातल्यांचा जीव! सकाळी सनई सुरू झाली की मी हातातली पोळी टाकून आधी डोकावून प्लग बघायची. ठिपका वर दिसला की परत तव्याकडे. हे कुणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून.

खंडेनवमीला अण्णा घरातली सगळी हत्यारं पुजायचे ते तुला ठाऊकच आहे. यंदाही माझी विळी, अडकित्ता, शिवणाचं यंत्र, ह्यांचे नकाशाचे कंपास, डाग द्यायची सळई, सगळं पाटावर ओळीनं मांडलं. आणि मधोमध हे यंत्र, मानाचं. तबक मीच धरलं होतं. अण्णा एकेकाला बोट टेकवत होते, हळद, कुंकू, फूल. पेटीला लावलं, दिव्यांना लावलं, रांजणाला पाचही बोटं उमटवली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून सनई नव्हती. घर कसं सुनं सुनं वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी काय झालं ते गावानं तुला सांगितलंय. मास्तर पुण्यवान, सोवळ्यात होते, हातात फूल होतं, देवापुढं सनई वाजत होती, आणि अलगद गेले. दारावर आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला. डॉक्टर म्हणाले, वय झालेलं हृदय, थांबलं. तूही रडता रडता म्हणालीस, वहिनी, असं मरण मागून मिळत नाही. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि आतून मला किंचाळावंसं वाटत होतं.

कारण तिथं मी होते, हेमा. हे आपट्याची पानं आणि झेंडू आणायला स्टेशनाकडे गेलेले. मी पुरणाला बसलेली. सनई सुरू झाली तशी सवयीनं डोकावले. प्लगवर ठिपका दिसला, वरच्या बाजूलाच, आणि मी परत गेले. पुरण घोटून झालं तरी सनई चालूच. घंटा नाही, श्लोक नाही. पुन्हा डोकावले तर अण्णा पेटीवर ओणवे झालेले, तळवा पेटीवर, तळव्याखाली फूल. मला वाटलं, रांजणावर हात ठेवतात तसे ऐकताहेत. कितीतरी वेळ मी तशीच बघत उभी होते गं. मग त्यांच्या पायाखालचं पाणी दिसलं. अण्णा म्हणून दंडाला हात लावला आणि भिंतीवर फेकली गेले. वायर हिसकून काढली तेव्हा कुठं सनई थांबली. तबकडी मात्र चावीवर फिरत होती, आवाज न करता, आणि अण्णा माझ्या मांडीवर.

प्लग माझ्या हातात होता. वरच्या बाजूला कुंकू. उलटून पाहिलं, तर त्याही बाजूला कुंकू. कुठलीही वस्तू अर्धी पुजायची नाही हा अण्णांचा नेम. आदल्या दिवशी प्लगची एक बाजू कोरी दिसली, म्हणून तिलाही लावलं त्यांनी, भक्तीनं.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. ह्यांनी ते यंत्र बापाला ऐकू यावं म्हणून केलं होतं, आणि घरघर नको म्हणून ट्रान्सफॉर्मर ठेवला नव्हता. हे ऐकल्यावर हा माणूस उभा राहायचा नाही. सुतकाच्या दिवसांत एकदा मी ओलं फडकं घेऊन प्लग पुसायला गेले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “राहू दे. अण्णांच्या बोटांचं आहे ते.” पेटीवरचं, रांजणावरचं, सगळं कुंकू त्यांनी तसंच राखलंय, आजूबाजूचं तेवढं पुसतात. आणि कधी कधी मला वाटतं, ह्यांना माहीत आहे. त्या दिवशी परत आले तेव्हा वायर जमिनीवर लोळत होती. कुणी काढली, का काढली, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. ठमाबाईसुद्धा त्या कोपऱ्यात केरसुणी नेत नाही आणि हे तिला रागवत नाहीत. तो प्लग ते हातात घेतात, पण उलटून बघत नाहीत. यातलं काय धरायचं ते मला कळत नाही.

आता हे का लिहिलं ते ऐक. मी नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल, आणि तू नको म्हटलंस तर ह्यांचं मन मोडेल, म्हणून यंत्र घे. दोन्ही हातांनी घे, डोक्याला लाव. पण भिंतीत प्लग घालू देऊ नकोस. सांग, सासूबाई म्हणतात वर्षाचं दुःख आहे, वर्ष सरेपर्यंत घरात गाणंबजावणं नको. ते ऐकतील. हे परतले की तुझ्या यजमानांना, परशुरामरावांना, ती वायर मुळापासून कापायला लाव, आणि रांजणात पाणी भरून ठेव. तुझ्या बाबांच्या मरणाची गोष्ट अशी कागदावर तुला कळवावी लागली, याचं मला किती वाईट वाटतंय ते माझं मला ठाऊक. हे पत्र चुलीत घाल. आणि एवढं करूनही हे हट्टाला पेटतील याची मला भीती आहे. काल रात्री जेवताना म्हणत होते, एकदाच लावीन, अण्णांचीच तबकडी, भाचीला पेटीजवळ बसवीन, तिच्या हातून फूल वाहवीन. तुझी पोर आता रांगायला लागलीय, दिसेल त्याला हात लावते. रविवारी तुझा दादा तुझ्या घरात असेल तोवर, हेमा, तिला कडेवरून खाली ठेवू नकोस.

तुझीच,
सुमतीवहिनी