येरळेतली हाडं माणसाची नव्हती

प्रिय दादा,

काल पुण्याहून एक प्राध्यापक आले. मीच शाळेतल्या मास्तरांना सांगून त्यांना बोलावून घेतलं होतं. येरळेच्या पात्रातून तू आणलेली हाडं अजून चावडीत पोत्यात पडून होती. त्यांनी मांडीचं हाड उचललं, मोडक्या कडेवरून बोट फिरवलं नि म्हणाले, "हे रानबैलाचं. इतकं जुनं, की दगड झालंय."

बस्स, एवढंच! ज्यापायी तुझा जीव गेला ते त्यांना चहा गार व्हायच्या आत कळलं. म्हणून आज लिहायला बसले.

ससे मारायला गेलेला तू हाडं घेऊन आलास, तेव्हा मी किती हसले होते! "हसू नगं, सुमे. उचलून बघ, लय जड हाय." मग एक तुकडा चुलीत टाकलास. "हाड जळताना वास येतो. ब्रह्मदेशात लढाईत लय घेतलाय त्यो वास. हितं येतोय का?" नव्हता आला.

पाटलांची सून दिवाळीत नाहीशी झाली होती. उन्हाळ्यात त्यांच्या माणसांना आपल्या घरामागच्या परड्यात ही हाडं दिसली आणि तुला चावडीपुढं बांधलं. "आवं, मानसाची न्हाईत ही! आगीत टाकून तरी बघा!" तू ओरडत होतास. कुणी टाकली नाहीत. पहिली काठी पाटलानंच घातली. एवढी घाई का होती रे त्याला? सुनेला तर आता कुणी शोधतही नाही.

आणि आई! तुला घरी आणलं, तू पाणी मागितलंस. "बाईमानसाला मारनाऱ्याला माझ्या हातचं पानी न्हाई," म्हणाली नि भिंतीकडं तोंड करून बसली. मी पाजलं. पण तू बघत होतास तिच्याकडंच. दिवस मावळायच्या आत गेलास.

आता तीच हाडं पाटील चावडीवर मांडणार आहे. गावाचं नाव होईल म्हणे! मला निरोप आलाय, "सुमीला म्हनावं, हाडास्नी हार घालायला ये." थू!

आई ओसरीवर ज्वारी निवडते आहे. तिला अजून काही ठाऊक नाही. शेजारची काकू म्हणते, "नगं सांगूस गं, म्हातारी हाय. मरू दे सुखानं."

सुखानं? दादा, तुला शब्द देते. हे पत्र संपलं की तिच्यासमोर बसून सगळं सांगणार. तिनं कान झाकले, तर हात बाजूला करून सांगणार.

तुझीच,
सुमी