धोंड्याचं ताट आणि इराणची बोलणी

बोरी, ता. जिंतूर
१२ ऑगस्ट २०२३

चि. श्रीरामराव यांस,

गोविंदरावांचे आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. मैथिली माहेरी आल्याला दोन वर्षं झाली, तीही बरी आहे. सोयाबीन गुडघ्याला आलंय, पण पावसानं दडी मारलीय.

पेपर रोज वाचतो. तुम्ही नोकरीला आहात त्या इराणची आणि अमेरिकेची समोरासमोर बोलणी नाहीत, ओमानचे लोक निरोप पोचवतात. आता दोन्हीकडचे कैदी सोडायचे आणि इराणचा अडकलेला पैसा मोकळा करायचा, असं ठरतंय. अणुकराराचं घोडं मात्र तिथंच अडलंय. युरेनियम साठ टक्क्यांवर नेऊन ठेवल्यावर निर्बंध कोण उठवील? करार दोघांनाही हवाय, आधी कुणी वाकायचं एवढाच प्रश्न आहे. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, सवय जात नाही.

तुम्ही फोनवर म्हणायचे, "मामा, बोलणी फिसकटली, निर्बंधांमुळं बंदरातून कुणालाच सोडेनात." मला पटायचं. घरात मीच सगळ्यांना समजावून सांगायचो. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, "त्ये साठ टक्के ऱ्हाऊ द्या, जावई किती टक्के यायलेत त्ये सांगा."

धोंड्याचा महिना सरत आला. जावयाला जेवू घातल्याशिवाय हिला चैन पडेना. तुमच्याच बंदरावर क्रेन चालवणारा पिंगळीचा धम्मपाल, माझा जुना विद्यार्थी, सुट्टीवर आलाय असं कळलं. हिनं त्यालाच जेवायला बोलावलं. तुमच्या नावानं त्याला धोंडे खाऊ घालायचे आणि अनारशांचं वाण तुमच्यासाठी त्याच्यासोबत धाडायचं, असं ठरलं. जेवता जेवता तो भोळेपणानं बोलून गेला, "सर, सुट्टी तर समद्यायलाच मिळती. निर्बंध मालाला हायेत, माणसायला न्हाईत. श्रीरामभाऊनं दोन्ही साल घेतलीच न्हाई."

मैथिली वाढत होती. तिनं त्याच्या पानात तूप वाढलं, अजून एक धोंडा घ्या म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून तिनं तुमचं नाव काढलेलं नाही. मला मात्र लय राग आला. तुमचा वकील होऊन मी दोन वर्षं घरात भांडलो, श्रीरामराव.

धम्मपाल सोमवारी परत निघायलाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. वाण देत नाही. अनारसे गल्लीतल्या लेकरांनी संपवले.

तिथं तुमचं काय आहे, कोण आहे, मी विचारत नाही. मैथिलीला एकदा फोन करा आणि यायचंय की नाही, एवढं सांगा. "नाही" ऐकायची ताकद पोरीत आहे. वाट बघायची आता राहिलेली नाही. ती रात्री जेवताना अर्ध्यातून उठते, ते मला बघवत नाही. मध्ये मला घालू नका, आणि कुठल्या देशाचं नाव घेऊ नका.

तब्येतीला जपा.

तुमचा सासरा असं लिहायला हात धजेना. तूर्त,

मैथिलीचा बाप
गोविंदराव