कुंडीतली हळद

म्हापसा, १० फेब्रुवारी

ती. पद्माताईस,
धाकट्या प्रभाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच रचतेस, म्हणून पत्र. मुळगावच्या परसातून कुंडीत घालून आणलेली हळद वाळली गं. पानं पिवळी पडली आणि आडवीच झाली. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, तिच्याशी बोलते, तरी उपयोग नाही.

रुद्रेश आणि सूनबाई सेजल माझं सगळं करतात, खोटं कशाला बोलू? पण मुळगावचं घर भाड्याने मागायला माणसं येतायत आणि लेकाला माझा होकार हवाय. हे गेल्यापासून तिथे एकटीने राहायचा धीर होत नाही, इथे तिसऱ्या मजल्यावर मन लागत नाही. झोपेत मी मागच्या दारी जाते. पायाखाली ओली माती असते, हळदीची पानं गुडघ्यांना लागतात आणि हे विहिरीकडून हाक मारतात. जाग आली की पाय फरशीवर टेकवायला नको वाटतं.

तुझ्या मायेची भुकेली,
प्रभा

लाटंबार्से, १८ फेब्रुवारी

चि. प्रभास ताईचे अनेक आशीर्वाद.

अगं खुळ्ये, हळद मेली नाही, झोपली! थंडी सरली की दरवर्षी ती अशीच आडवी होते. परसात तुझं लक्ष कुठे असायचं? मिरच्या, अळू आणि शेजारच्या कमलाक्षीशी गजाली. कुंडीत एकच झाड, म्हणून तू त्याच्या उशाशी बसून रडलीस. आणि झोपलेल्याला कोणी तांब्या तांब्या पाणी पाजतं का? उकरून बघ, कुजली असेल.

तू मुळगावला, इकडे माझ्या जवळ आलीस तर मला किती बरं वाटेल ते लिहीत नाही. माझा लेक सिद्धेश दिवसभर काजूंच्या बागेत, मी इथे कावळ्यांशी भांडते.

तब्येतीला जप. माया आहेच.
ताई

म्हापसा, १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं झालं. कंद लिबलिबीत झाला होता. माझ्या मायेनेच कुजला म्हणायचा. आता तुझ्याकडचा एक पाठव.

हसू नकोस, पण मी मनाशी ठरवलंय. नागपंचमीपर्यंत कुंडीत गोड पातोळी गुंडाळून वाफवण्यापुरतं पान आलं तर इथेच राहीन, घर भाड्याने जाऊ दे. नाही आलं तर मुळगाव. रुद्रेशला सांगितलं तर म्हणाला, आई, तू म्हणशील तसं.

दोन ओळी लवकर पाठव, वाट बघते.
प्रभा

लाटंबार्से, २० मे

चि. प्रभास अनेक आशीर्वाद.

सिद्धेशबरोबर कंद पाठवलाय, चांगले डोळे फुटलेला. शिजवून वाळवलेली हळद पाठवायचं मनात आलं होतं, देवाशपथ. ती जन्मात उगवली नसती आणि तू मुकाट्याने मुळगावला आली असतीस. पण हात धजला नाही. पाणी बेताने घाल.

तू जिथे राहशील तिथे सुखी राहा.
ताई

मुळगाव, २४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वरचं गाव वाचलंस ना? नीट वाच.

तुझी हळद उगवली. वीतभर पान आलं. सेजलने टाळ्या वाजवल्या, रुद्रेशने फोटो काढला, आणि मी न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडले. तेव्हा कुठे मला कळलं, इतके दिवस मी ती उगवू नये म्हणून देवाची विनवणी करत होते. बाहेर आल्यावर रुद्रेशला तसंच सांगून टाकलं. मग कुंडी उचलून त्यानेच गाडीत ठेवली.

मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरली होती. हलक्या हाताने सोडवून परसात लावली. रात्रीची भीती वाटते, नाही कशाला म्हणू? कमलाक्षी सोबतीला झोपायला येते, घोरते मेली. रुद्रेश रविवारी येतो.

काल स्वप्न पडलं नाही. पहाटे खरीच मागच्या दारी गेले, पाय चिखलात रुतले. विहिरीकडून ह्यांची हाक काही आली नाही. मग मीच एक हाक मारली आणि चुलीकडे वळले.

नागपंचमीला ये आणि पानं तुझ्याकडची आण. माझं झाड अजून लहान आहे.

तुझ्या पायांशी बसून गजाली करायला आतुर,
प्रभा