विहीर ते साकव

आई, खडवलीचं मामाचं घर नव्या रस्त्यात जातंय की वाचतंय, हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाच्या पडणार? अख्ख्या खानदानात कंप्युटरवर नकाशे काढणारी मी एकटी. माजिवड्याच्या ऑफिसात जेवायला बसलेले, तोंडात घास, आणि मामाचा फोन. "पोरी, ते मोजणीवाले येऊन गेले. कोण बोलतो घर जातंय, कोण बोलतो रस्ता परसातनं जातोय. तू बघून सांग. तू सांगशील ते खरं." मामाला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर तो ओरडतो आणि मीही ओरडते. पाच मिनिटांत आमचं घर हा सगळ्या ऑफिसचा विषय झाला.

"तू सांगशील ते खरं" हे मला तुझ्यामुळे ऐकावं लागतं. गावात तुला अजून नकाशावाली म्हणूनच ओळखतात. ठाण्याच्या कचेरीत तू ट्रेसर होतीस, म्हणजे साहेबांनी काढलेला नकाशा निळसर, खळीच्या कापडावर शाईने जसाच्या तसा गिरवायचा. पण गावाला वाटायचं सगळा जिल्हा तूच आखतेस. खोपटच्या आपल्या खोलीत तू स्टोव्हवर पातेलं ठेवून बाद झालेलं कापड उकळतेयस, हे मला आजही दिसतं. खळ सुटते, पेजेसारखा वास येतो, आणि ते कडक कापड मलमलीसारखं मऊ होऊन बाहेर पडतं. चाळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला त्याचं एक झबलं ठरलेलं. शाई पूर्ण जायची नाही. आपल्या धाकट्याच्या पोटावरून कुठला तरी ओढा गेलेला, आणि बाबा म्हणायचे, पोरगं ओढ्याकाठचं दिसतंय, म्हणूनच सारखं ओलं. तू हसायचीस ते तोंडावर पदर धरून.

ओरडायचीस मात्र पदर न धरता. मी पाचवीत असेन. शाळेसाठी ठाणे जिल्ह्याचा नकाशा काढलेला, खाडी निळी, डोंगर तपकिरी, बाई भिंतीवर लावणार होत्या. तू चष्मा पुसलास आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस. "हे प्रमाण लिहिलंयस, मोजलंस का?" मी म्हटलं, पुस्तकात होतं तेच लिहिलं. "मग हे चित्र आहे. भिंतीवर खुशाल लाव. नकाशा म्हणू नकोस." मी रडले, जेवले नाही, आणि तू समजूत काढायलाही आली नाहीस. कसली खमकी गं तू! दुसऱ्या दिवशी गॅलरीत टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणालीस, "आपण स्वतः मोजलेलं एक तरी अंतर नकाशावर शोधायचं. ते जुळलं तर बाकीच्यावर विश्वास ठेवायचा." एवढं सांगितलंस आणि भाकऱ्या थापायला बसलीस.

तर मामाच्या गावातल्या कुणीतरी रस्त्याची फाईल मिळवून मला पाठवली. मी ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर स्क्रीन कोरी. शोधशोध शोधलं, तेव्हा कोपऱ्यात एक ठिपका सापडला. तो ठिपका म्हणजे अख्खं खडवली, बाई! फाईल अक्षांश-रेखांशात होती, आणि आमचं ड्रॉइंग मीटरमध्ये. सॉफ्टवेअर बापडं अंशालाच मीटर समजून बसलेलं. शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, अंदाजाने स्केल करून टाका ना, दिसायला बरोबर दिसतं." मी केलं. मामाच्या घराचा मोजणीचा नकाशा माझ्याकडे मीटरमध्ये होताच. विहीर दोन्हींत होती, ती एकीवर एक ठेवली आणि फाईल ताणत नेली. रस्ता घराच्या मागून गेला, परसाच्याही पलीकडून. घर सुटलेलं! मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. फोन उचलला, मामाचा नंबरही काढला.

आणि ठेवून दिला. आपण स्वतः मोजलेलं काहीच नव्हतं त्यात.

म्हणून रविवारी टेप घेऊन खडवलीला गेलेले. फाईलमध्ये विहीर होती आणि ओढ्यावरचा साकव होता, तेवढं अंतर मोजायचं ठरवलं. मामा टोपी घालून विहिरीच्या कठड्याशी टेपचं टोक धरून उभा राहिला, उन्हात, ताठ, झेंडावंदनाला उभा राहतो तसा. मी साकवाकडे चालत गेले. परत येताना तो मला घरात घेऊन गेला, तुझ्या खोलीत. दवाखान्यातून सोडलं तेव्हा तूच म्हणालेलीस, खोपटला नको, मला खडवलीला ने. त्याच खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर तू गेलीस. वस्तीतल्या बायका त्रिसरण म्हणत होत्या आणि मी दारात उभी राहून नुसती पंख्याकडे बघत होते. मामाने खाट अजून हलवलेली नाही. "आक्काची खाट हाय, कुठं नेणार," म्हणाला, आणि चादर सारखी करून बाहेर गेला. इतकी वर्षं झाली आई, पण मी अजून त्या खाटेवर बसत नाही.

सोमवारी ऑफिसात विहीर ते साकव स्क्रीनवर मोजलं. जुळेना. टेपवर होतं त्यापेक्षा जास्त भरत होतं. मग लक्षात आलं. पूर्व-पश्चिमेचा अंश आणि उत्तर-दक्षिणेचा अंश जमिनीवर सारखे भरत नाहीत, आणि मी दोन्ही बाजू सारख्याच ताणलेल्या. गाव आडवं सुजलेलं. फाईल पुसून टाकली, आधी नीट मीटरमध्ये बदलून घेतली आणि पुन्हा आणली. या वेळी विहीर ते साकव टेपशी तंतोतंत जुळलं. आणि रस्ता घरातून गेला. ओटी वाचते, पडवी वाचते. परस, स्वयंपाकघर आणि तुझी खोली जाते. रस्त्याची मधली रेघ तुझ्या खिडकीतून आत शिरते आणि खाटेवरून पलीकडे निघते. मी तो नकाशा बराच वेळ मोठा-लहान करत बसले, जणू मोठा केल्यावर काही वेगळं दिसणार होतं.

तेव्हा तुझा एक दिवस आठवला. तू कचेरीतून आलीस, पाय धुतलेस आणि तशीच भिंतीला टेकून बसलीस. कुठल्याशा धरणासाठी एक गाव बुडणार होतं, ते तू दिवसभर गिरवलेलं. "एकेक घराचा चौकोन मीच काढला," म्हणालीस, "आणि वरून पाण्याची रेघही मीच मारली." मी लहान, मला भूक लागलेली, मी विचारलं, भाजी काय आहे. आज मला तुला विचारायचंय की दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीतल्या त्या स्टुलावर जाऊन बसलीस कशी. कुणाला सांगितलंस का? सांगायचं तरी कसं असतं हे? मला तू हवी होतीस आज, आई. दुसरं कुणीही नको होतं.

हे सगळं मी त्याच ड्रॉइंगमध्ये टाईप करतेय, छापताना बंद राहते त्या लेयरवर, म्हणजे नकाशावर अंथरलेल्या पारदर्शक थरावर. बाहेर कुठे जाणार नाही. आता ही लेयर पुसून टाकेन, कारण मामाला उद्या प्रिंट हवी आहे, हरकत घ्यायला पंचायतीत न्यायचीय त्याला.

हो, त्याला सांगितलं. फोनवरच. ओरडून सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्याला ऐकूच आलं नाही. "मामा, जातंय! घर जातंय!" ऑफिसातले सगळे कीबोर्ड थांबले.  पलीकडून मामा एकदम हळू आवाजात, त्याचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता, म्हणाला, "पोरी, परसात औंदा हापूसचं कलम लावलंय. त्याला पाणी घालत राहू, का नको?"

मी म्हटलं, घाल.